तिरक्या शाफ्टच्या जर्नल बेअरिंगचं मॉडेल: आधी काठाकडे बघ, मग कॅव्हिटेशन

तुझा प्रश्न वाचला. थोडक्यात असा की "काका, मी सोलापुरात एम.टेक. करतेय, तिरक्या बसलेल्या शाफ्टच्या जर्नल बेअरिंगचं मॉडेल पायथनमधे लिहिलंय, हाफ सॉमरफेल्ड लावलं तर लोड बरा येतो पण तेलाचा हिशोब काही केल्या जमत नाही, आणि तिरकेपणा वाढवला की सॉल्व्हर फाटतो, तर आता जेएफओ लावायचं का?" (जर्नल बेअरिंग म्हणजे तेलाच्या पातळ थरावर शाफ्ट फिरतो ते बेअरिंग; त्यातला थर फाटतो ते कॅव्हिटेशन, आणि हाफ सॉमरफेल्ड व जेएफओ या ते हिशोबात धरायच्या दोन पद्धती, खाली सांगतो.) लाव की, पण त्याआधी दोन-तीन गोष्टी नीट करून घे, नाहीतर चांगलं कॅव्हिटेशन मॉडेल चुकीच्या जाडीवर बसवशील आणि मग उत्तर चुकीचंच पण दिसायला एकदम भारी असं होईल. मी साखर कारखान्यांतली टर्बाइन, गिअरबॉक्स, पंप यांच्या बेअरिंगवर पंचवीसेक वर्षं काम केलंय, कोड लिहायला उशिरा शिकलो, त्यामुळे मी उलटीकडून आलोय, आधी खराब झालेला लायनर (बेअरिंगचं आतलं अस्तर) बघितला आणि मग समीकरण.

एक लायनर सांगतो म्हणजे आकडे डोक्यात बसतील. जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात को-जनरेशनच्या (कारखान्यातच वीज बनवायच्या) टर्बाइनचा गिअरबॉक्स, त्याचा लो-स्पीड शाफ्ट १५०० आरपीएम, जर्नल (बेअरिंगमधे फिरणारा शाफ्टचा भाग) १५० मिमी व्यासाचा, लायनरची लांबी पण १५० मिमी, रेडियल क्लिअरन्स (शाफ्ट मधोमध असताना भोवतीची फट) ०.१ मिमी धर. हंगाम ऐन भरात, आणि तेलाच्या फिल्टरवर राखाडी चकाकी यायला लागली. टेंपरेचर सेन्सर मात्र शांत, काही वाढलं नाही. उघडून बघितलं तर खालच्या अर्ध्या लायनरवर एका काठाला दोन बोटं रुंद चकचकीत पट्टा, बॅबिट (लायनरवरचा मऊ धातूचा थर) थोडं पुढं सरकलेलं, आणि दुसऱ्या काठाला फिटरने मारलेल्या स्क्रेपरच्या खुणा जशाच्या तशा, बोट फिरवलं तर अजून हाताला लागत होत्या. म्हणजे तिकडे शाफ्ट कधी जवळ गेलाच नव्हता. सेन्सर लायनरच्या मधोमध, त्याला काठावरचं काय कळणार.

आता यात बघायची गोष्ट अशी की त्या शाफ्टच्या दोन्ही लायनरवर पट्टा एकाच हाताच्या काठाला होता, दोन्हीकडे टर्बाइनच्या बाजूला. शाफ्ट लोडने मधे वाकत असता तर दोन्ही पट्टे आतल्या काठाला, गिअरकडे तोंड करून आले असते. एकाच हाताला आले म्हणजे शाफ्ट वाकलेला नाही, एक बाजू वर उचलली गेलीय. मग शोध घेतला तर केसिंगच्या एका बाजूला स्टीम लाइनचं लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन) निघालेलं, ती बाजू दुसऱ्यापेक्षा साधारण २० डिग्री जास्त तापत होती. बेसपासून सेंटरची उंची ४५० मिमी, लोखंड एका मीटरला एका डिग्रीला ११-१२ मायक्रॉन वाढतं, गुणाकार कर, ०.१ मिमी येतो. दोन बेअरिंगमधलं अंतर ५०० मिमी. म्हणजे तिरकेपणा मीटरला ०.२ मिमी. सकाळी थंड असताना केलेलं अलाइनमेंट एकदम बरोबर होतं, फिटरची काही चूक नव्हती, मशीन गरम झाल्यावर ते तसं राहिलं नाही एवढंच.

मीटरला ०.२ मिमी ऐकायला काहीच वाटत नाही. पण बेअरिंगच्या मधोमध एक्सेन्ट्रिसिटी रेशो (एप्सिलॉन, म्हणजे शाफ्टचा मध्य जेवढा सरकलाय ते भागिले क्लिअरन्स) ०.७ असेल तर तेलाचा सगळ्यात पातळ थर ३० मायक्रॉन, आणि मधापासून काठ ७५ मिमीवर, तिथं हा तिरकेपणा १५ मायक्रॉन खातो. एका काठाला उरले १५, दुसऱ्याला झाले ४५. तिरकेपणा दुप्पट कर, मीटरला ०.४, की काठावर थर शून्य. तुझा सॉल्व्हर फाटतोय तो बहुतेक इथंच फाटतोय. तू तिरकेपणा वाढवत गेलीस आणि कुठल्यातरी कोपऱ्यातल्या दोन-चार नोडवर (ग्रिडच्या बिंदूंवर) जाडी शून्य नाहीतर उणे झाली, त्याचा घन केलास, आणि मग दाबाचं जे व्हायचं ते झालं. सोडवायच्या आधी सगळ्या ग्रिडवरची सगळ्यात कमी जाडी छापून बघ, ही एक ओळ तुझे आठ दिवस वाचवेल.

जाडीचं सूत्र तुला माहीत असेलच तरी लिहितो, कारण बरेच जण यात अर्धवट लिहितात. सरळ शाफ्टला जाडी म्हणजे क्लिअरन्स गुणिले, एक अधिक एप्सिलॉन कॉस थीटा, थीटा जास्तीत जास्त जाडीपासून मोजायचा. तिरक्याला त्यात अजून एक पद मिळवायचं: मधापासूनचं लांबीतलं अंतर, गुणिले तिरकेपणा, गुणिले कॉस, थीटा वजा तिरकेपणाची दिशा. ही दिशा विसरू नको. शाफ्ट ज्या रेषेत खाली बसलाय त्याच रेषेत तिरका असेल असं काही नाही, गिअरच्या जोराची दिशा वेगळी आणि केसिंग उचललं ती दिशा वेगळी. दिशा बदलली की तेवढाच तिरकेपणा कमी नाहीतर जास्त बाधतो, जास्तीत जास्त बाधतो तो पातळ थराच्या रेषेतला.

अजून एक, तू लिहिलंयस की एप्सिलॉन ०.७ धरूनच तिरकेपणा वाढवत नेलास. असं करू नको. मशीनमधे लोड ठरलेला असतो, एप्सिलॉन नाही. तिरकेपणा आला की काठावरचा दाब वाढतो आणि शाफ्टचा मध्य थोडा वर उचलला जातो, बाजूलाही सरकतो. म्हणून प्रत्येक तिरकेपणाला मध्याची जागा परत शोधायची, दोन अज्ञात, दोन समीकरणं, आडवा जोर शून्य आणि उभा जोर लोडएवढा, न्यूटनच्या पद्धतीच्या चार-पाच फेऱ्यांत बसतं. वर मी १५ मायक्रॉन म्हणालो तो कागदावरचा सरळ हिशोब, खरं थोडा जास्त उरेल.

आता कॅव्हिटेशन. हे नाव ऐकलं की आपल्याला पंपाचा इंपेलर आठवतो, खड्डे पडलेला. स्थिर लोडच्या बेअरिंगमधे सहसा ते तसं नसतं. खनिज तेलात वातावरणाच्या दाबाला आकारमानाच्या साधारण ८-१० टक्के हवा विरघळलेली असते, पातळ जागा ओलांडून थर परत रुंदावायला लागला की दाब पडतो, हवा सुटते, बाहेरूनही काठावरून आत शिरते, आणि तेलाचा सलग थर फाटून त्याचे पट्टे होतात. पावरलूमवर ताणा बसवलेला बघितलास ना, सुतं शेजारी शेजारी आणि मधे मोकळी जागा, अगदी तसं तेल शाफ्टबरोबर धाग्याधाग्याने ओढलं जातं आणि मधे हवा. दाब तिथं जवळपास वातावरणाएवढाच राहतो. इंजिनाच्या बेअरिंगमधे लोड झटक्यात फिरतो तिथं वाफेचं कॅव्हिटेशन होऊन खड्डे पडतात, तो विषय वेगळा, तुझ्या प्रोजेक्टमधे तो आणू नको.

तेलाच्या थरातला दाब काढायचं रेनॉल्ड्सचं समीकरण १८८६ चं. सॉमरफेल्डने १९०४ मधे लांब बेअरिंगसाठी ते सोडवलं तेव्हा जेवढा अधिक दाब तेवढाच उणे दाब आला, आणि शाफ्ट लोडच्या बरोबर काटकोनात सरकतो असं उत्तर निघालं, जे प्रत्यक्षात होत नाही. मग हाफ सॉमरफेल्ड, म्हणजे आधी सगळं सोडवायचं आणि उणे भाग पुसून टाकायचा. सोपं आहे, पण जिथं पुसलं तिथं एका बाजूला दाबाच्या उताराने ढकललेलं तेल आहे आणि दुसऱ्या बाजूला उतारच नाही, म्हणजे मधल्यामधे तेल गायब किंवा पैदा होतं. तुझा तेलाचा हिशोब जमत नाही तो याच्यामुळे, तुझ्या कोडची चूक नाही, ती अटच तशी आहे.

त्याच्या पुढची पायरी रेनॉल्ड्सची अट, फाटण्याच्या रेषेवर दाबही शून्य आणि दाबाचा उतारही शून्य. ही कोडमधे आणणं फार सोपं, ख्रिस्टोफरसनने १९४१ मधे दाखवलं की गॉस-सायडलच्या (एकेक नोडचं उत्तर पुन्हा पुन्हा सुधारत जायच्या पद्धतीच्या) प्रत्येक इटरेशनमधेच, प्रत्येक नोडला, दाब उणे आला की लगेच शून्य करायचा, शेवटी नाही, जाता जाता. एवढ्या एका बदलाने फाटण्याची रेषा आपोआप योग्य जागी येते. तुला फक्त लोड, पातळ थर आणि शाफ्टची जागा पाहिजे असेल आणि तेलपुरवठा भरपूर असेल तर मी म्हणेन इथंच थांब. लोडमधे याच्यात आणि जेएफओमधे फार फरक पडत नाही.

फरक पडतो तो तेलात, आणि तेलावरून तापमानात. रेनॉल्ड्सची अट फाटणं बरोबर पकडते पण परत जुळणं नाही, म्हणजे ग्रूव्हजवळ (तेल आत यायच्या खाचेजवळ) थर पुन्हा सलग कुठं होतो ते तिला कळत नाही. ते जेकबसन आणि फ्लोबर्ग यांनी १९५७ मधे आणि ओल्सनने १९६५ मधे मांडलं, त्यांच्या नावांवरूनच जेएफओ, आणि एलरॉडने १९८१ मधे ते एकाच समीकरणात, एका स्विचने (नोडवर थर सलग आहे की फाटलेला हे सांगणाऱ्या), सगळ्या ग्रिडवर चालवायची पद्धत दिली. कल्पना एवढीच की फाटलेल्या भागात दाब नाही तर तेलाचा हिस्सा हा अज्ञात. शंभर टक्के जागेत किती टक्के तेल.

हे आपल्या लायनरवर करून बघ. सरळ शाफ्ट असता तर खाली ३०, वर १७०. खालून ३० मायक्रॉनचं तेल पार होतं, पुढं जागा रुंदावत जाते पण तेल तेवढंच, म्हणून अगदी वर पोचेपर्यंत मधे ग्रूव्हच नसेल तर तेलाचा हिस्सा ३० भागिले १७०, साधारण १८ टक्के. आता तिरका कर. चोपलेल्या काठाला खाली १५, वर १८५, हिस्सा ८ टक्के. दुसऱ्या काठाला खाली ४५, वर १५५, हिस्सा २९ टक्के. थर नेमका पातळ जागेच्या थोडा पुढं फाटतो म्हणून खरे आकडे जरा वर येतील, पण चित्र हेच. जो काठ आधीच संकटात आहे तिथंच परत भरायला सगळ्यात जास्त तेल लागतं, आणि ग्रूव्हमधून येणारं तेल सगळ्या लांबीला सारखं वाटलं जात नाही. त्यात पुरवठ्याचा दाब कमी पडला की थर त्या काठाला उशिरा जुळतो, दाब उशिरा बनायला लागतो, थर अजून पातळ. सरळ शाफ्टला फाटण्याची रेषा मधापासून दोन्हीकडे सारखी असते, तिरक्याला ती तिरपी होते आणि जुळण्याची रेषाही तिरपी. यातली जुळण्याची रेषा आणि तेलाचा हिस्सा हाफ सॉमरफेल्डला दिसूच शकत नाही. म्हणून तू जेएफओ लाव म्हणतो, तिरकेपणामुळे लोड बदलतो म्हणून नाही.

आकडा पाहिजे असेल तर, या जर्नलचा पृष्ठभाग सेकंदाला ११.८ मीटर पळतो. ०.१ मिमी जाडीच्या जागेतून १५० मिमी रुंदीत मिनिटाला सव्वापाच लिटरच्या आसपास तेल फक्त ओढलं जातं, ३० मायक्रॉनमधून दीड लिटरच्या जरा वर. मधला फरक दोन्ही काठांनी बाहेर पडतो, आणि तेवढंच ग्रूव्हने नव्याने द्यायचं असतं. कोडमधे ग्रूव्हने आलेलं आणि काठांनी गेलेलं तेल एक टक्क्याच्या आत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर पुढचं काहीच बघू नको.

एलरॉड लिहिताना दोन जागी सगळे अडकतात, मीही लई दिवस अडकलो होतो. पहिली, बल्क मॉड्युलस, म्हणजे तेल दाबायला किती कठीण ते. तेलाचा खरा साधारण १.५ गिगापास्कल, म्हणजे १० मेगापास्कल दाबाला घनता जेमतेम ०.७ टक्के वाढते. तुझा अज्ञात घनतेचा असेल तर ०.०००१ ची चूक म्हणजे दाबात ०.१५ मेगापास्कल. म्हणून सॉल्व्हर डोलतो, स्विच कधी चालू कधी बंद, एक नोड इकडं एक तिकडं. बरेच जण मॉड्युलस कमी करून वेळ मारून नेतात. सरळ शाफ्टला ते खपतं, पण तिरक्यात काठावरचा दाब मधल्यापेक्षा खूप वर जातो आणि तिथंच ती नकली दाबक्षमता उत्तर मऊ करून टाकते, जिथं तुला खरं उत्तर पाहिजे नेमकं तिथं. त्यापेक्षा तेल न दबणारं धर आणि दाब व रिकामेपणा असे दोन अज्ञात ठेव, दोन्ही शून्य किंवा अधिक, आणि दोघांचा गुणाकार शून्य. दाब आहे तिथं रिकामं नाही, रिकामं आहे तिथं दाब नाही. ही अट फिशर-बर्मायस्टर फंक्शनने (अशा अटीचं एकच समीकरण करणाऱ्या सूत्राने) न्यूटनमधे बसवायची पद्धत २०१५ पासून लोक वापरतात आणि ती फार भरभर कन्व्हर्ज होते, मला तर तीच आवडते.

दुसरी जागा काठाची अट. बाहेर वातावरणाचा दाब, आणि आत कॅव्हिटेशनचा दाब तू त्याच्या खाली धरलास, तर तुझं मॉडेल काठाबाहेरून तेल आत ओढायला लागतं. बाहेर तेल आहे कुठं, बाहेर तर हवा आहे. बेअरिंग तेलात बुडालेलं नसेल तर दोन्ही दाब सारखे धर, नाहीतर हिशोबात फुकटचं तेल येतं.

ग्रिडबद्दल. चोपलेल्या काठाला जाडी १५ आणि १८५, प्रमाण बारा पटीच्या वर, आणि समीकरणात येतो घन, म्हणजे सुमारे १,९०० पट. त्यात दाबाचा कळस मधून काठाकडे सरकतो आणि शेवटच्या काही मिलिमीटरमधे तिथून थेट शून्यावर पडतो. लांबीत सारखे २० भाग केलेस तर एक भाग साडेसात मिमीचा, कळसच हुकतो. काठाकडं भाग बारीक करत जा. जाडी नोडवरची घेऊन सरासरी करण्यापेक्षा दोन नोडच्या मधल्या बिंदूवर थेट सूत्राने काढ.

तपासणीसाठी: तिरकेपणा शून्य ठेव, लांबी आणि व्यास सारखे, एप्सिलॉन ०.६. रेमंडी-बॉइड यांच्या १९५८ च्या तक्त्यात सॉमरफेल्ड नंबर (लोड, वेग, स्निग्धता आणि मापं यांचा मिळून एक आकडा) ०.१२१ आणि अॅटिट्यूड अँगल (लोडची दिशा आणि पातळ थराची रेषा यांतला कोन) साधारण ५० डिग्री आहे, तुझं तिथं बसलं पाहिजे. मग मोमेंट (दाबामुळे शाफ्टला तिरकं वळवणारा जोर) काढ, सरळ शाफ्टला तो शून्यच यायला हवा, तिरकेपणाचं चिन्ह उलटं केलं की मोमेंटचं चिन्ह उलटं आणि आकडा तोच. हे नाही आलं तर निर्देशांकात कुठंतरी चूक आहे.

तापमान सोडून चालणार नाही. व्हीजी ४६ तेल ४० डिग्रीला ४६ सेंटिस्टोक, ७० ला जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. सगळ्या बेअरिंगला एकच स्निग्धता धरलीस तर पातळ काठ प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसेल. निदान पुरवलेलं तेल आणि घर्षणाची उष्णता यांचा ताळमेळ घालून एक सरासरी तापमान तरी काढ. आणि घर्षण काढताना फाटलेल्या भागात स्निग्धतेला तेलाच्या हिश्शाने गुण, तिथं सगळीकडं तेल नाहीये, नाहीतर उष्णता उगाच जास्त येते. काठावरचा थर पाच-सात मायक्रॉनच्या खाली गेला तर लायनरचं दबणं आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नको, कडक लायनर धरला की काठाचा दाब नको तितका वर जातो.

तू शेवटी विचारलंयस की हेच मॉडेल ऊस गाळायच्या मिलच्या रोलरला लावता येईल का, तिथं पण वरचा रोलर एका बाजूने जास्त उचलतो. नको. तो मिनिटाला चार-पाच फेरे फिरतो, दाब प्रचंड, सलग थर तिथं नीट बनतच नाही, बुश आणि जर्नल बऱ्याच अंशी एकमेकाला टेकूनच चालतात. तिथं कॅव्हिटेशनचा प्रश्नच येत नाही, तिथं घट्ट तेल, गनमेटल आणि थंड पाणी यांचा प्रश्न आहे.

त्या गिअरबॉक्सला आम्ही लॅगिंग परत बांधलं, लायनर बदलले, आणि ब्लू (शाफ्ट कुठं टेकतो ते दाखवणारा निळा रंग) लावून मॅचिंग बघितलं ते केसिंग गरम असताना, थंड असताना नाही. पुढच्या सफाईला उघडलं तेव्हा खालच्या लायनरवर पट्टा मधोमध, दोन्ही काठांना सारख्या खुणा.

तो जुना चोपलेला लायनर अजून माझ्याकडे चिंचोळीच्या शेडमधे आहे. पट्टा काठापासून कुठपर्यंत आणि गोलाईत किती अंशांपर्यंत गेलाय ते त्यावर व्हर्नियर लावून मोजता येतं. वर दिलेली मापं कोडमधे घाल, दाबाचा आणि जाडीचा नकाशा एकास एक मापात कागदावर छाप, आणि घेऊन ये, लायनरच्या आत लावून बघू पट्ट्यावर बसतोय का.